अर्धी हाळी

हरणाबाई सलगर दिसायच्या आधी ऐकू यायची. जळकोटच्या पुढं महामार्ग सोडून माळावर उतरलं की लांबवर नुसती धूळ दिसे, आणि त्या धुळीतून तिची हाळी येई. काय आवाज! ना पेटी, ना सूर धरायला कुणी साथीला. उघड्या आभाळाखाली एक बाई मान वर करून सूर लावायची आणि तो पलीकडच्या टेकाडाला जाऊन टेकायचा. रस्त्याकडेला टायर बघायला उतरलेले ट्रकवाले हातातला पाना तसाच धरून वळून बघत. जवळ गेल्यावर दिसायची ती एक ठेंगणी, काटकुळी बाई. एवढ्याशा देहात एवढा आवाज राहतो कुठं, असा प्रश्न पडावा.

जन्म लोहारा गावाकडचा. बाप मेंढरं घेऊन हिंडत असताना वाटेवरच कुठंतरी जन्मली. माहेर कुठलं म्हणून विचारलं की हसून म्हणायची, "मेंढरं बसली व्हती ती जागा माझं माहेर. आता तिथं कुणीतरी ऊस लावला असंल." लग्न झालं ते बिरूशी. बिरू ढोल वाजवायचा. बिरोबाच्या यात्रेत अंगावर भंडारा पडला आणि गळ्यात ढोल आला की हा माणूस वेगळाच होई. उतरल्यावर पुन्हा मुका. हरणाबाईच्या सासूनं लग्नातच सांगून ठेवलं होतं, "बोलायचं काम तुझंच हाय बाई. आमच्या बिरूला चामड्यावर हात मारल्याबिगर शब्द फुटत न्हाय."

बऱ्याच नवसासायासांनी त्यांना कुमार झाला. एकुलता एक. अंगापिंडानं बापासारखा उंच, आणि गळा आईचा. मायलेक माळाच्या दोन टोकांना उभे राहून मेंढरं सांभाळत. मधे बिरू काठीवर हनुवटी टेकून दोघांचं ऐकत असे. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ असावा. पुढं कुमारचं लग्न झालं, लोहाऱ्याची मंजुषा सून म्हणून आली, तिला मुलगी झाली. मेंढरांचा जाळीचा वाडा, चार भांडी, दोन घोंगडी, आणि पाळण्यात नात. संसार म्हणजे आणखी काय असतो?

आता सलगरांच्या हाळीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी कथा तिच्यातच अडकली आहे. त्यांच्या हाळ्या दोन. एक बोलवायची, एक वळवायची. झाडाचा पाला खाली पाडला की मेंढरांना बोलवायचं. पिकात, खड्ड्यात, कुठं धोक्यात चालली की वळवायचं. दोन्हींची सुरुवात एकच, एक लांब, सपाट सूर. त्या सुरानं मेंढरं नुसती माना वर करतात. नंतर सूर खाली उतरला, जिभेवर गुंडाळत आला, तर ती धावत येतात. वर चढून फाटला, तर मागं फिरतात. पहिला अर्धा भाग ऐकून कुणालाच काही कळत नाही. मेंढरालाही नाही, माणसालाही नाही.

त्या दुपारी हरणाबाई वाड्यावर कोकरांजवळ होती. मंजुषा भाकरी थापत होती. बापलेक मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेले होते. ऊन असं होतं की माळावर सावली म्हणून काही उरलेलंच नव्हतं. कुमारची हाळी उठली. लांब, सपाट, स्वच्छ. कोकरांनी माना वर केल्या. हरणाबाईनंही केली.

आणि हाळी मधेच थांबली.

ती ऐकत राहिली. पुढचा अर्धा भाग आता येईल, आता येईल, म्हणून हातातली पाण्याची बादली तिनं खाली ठेवली नाही. मंजुषा म्हणाली, "आत्या, काय झालं?"

"गप. आजून संपली न्हाय."

ती हाळी आजही संपलेली नाही.

ओढ्याच्या काठानं पवनचक्कीवाल्या एका कंपनीच्या विजेच्या तारा गेल्या होत्या. पावसाळ्यात काठाची माती खचली आणि एक खांब ओढ्याकडं कलला. तार खाली आली. इतकी खाली, की तिच्या गुणगुणीनं खालून जाणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. बिरूनं ती बघितली आणि कंपनीच्या देखरेखीवर असलेल्या उत्तरेश्वरला गाठून सांगितलं. उत्तरेश्वर जवळच्याच गावचा, मोटरसायकलवर फिरणारा, पगारावर घर चालवणारा माणूस. तो म्हणाला, "वर कळवतो." पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाला, "कळवलंय." तिसऱ्या खेपेला बिरू तिथं गेला तर खांबाला दोर बांधलेला, आणि दोराचं दुसरं टोक एका बाभळीला! गुरं बांधावीत तसा विजेचा खांब बाभळीला बांधून ठेवला होता.

दोर किती दिवस टिकणार? वाऱ्यानं सैल झाला आणि तार आणखी लोंबली. त्या तारेनं कुमारला खाली पाडलं. हरणाबाई धावत पोचली तेव्हा तो बाभळीच्या बुडाशी उताणा पडलेला होता, उजव्या हाताशी काठी. सलगरांच्या भावकीत एक रीत आहे. मेंढका माळावर गेला तर त्याला काठीवाचून ठेवायचं नाही. काठीवाचून गेलेला मेंढका मेंढरांमागं फिरत राहतो, त्याला मुक्कामाची जागा सापडत नाही, असं ते मानतात. हरणाबाईला त्या वेळी काठी दिसली आणि नाहीही दिसली. तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं, एवढंच तिला आठवतं.

पोलीस आले. पंचनामा झाला. काठी त्यांनी पुरावा म्हणून नेली, कापडात गुंडाळून. काठीच्या टोकाला लोखंडी आकडी होती, फांद्या ओढून पाला पाडायची. झालं! कंपनीला जे पाहिजे होतं ते मिळालं. त्यांनी लिहून दिलं की मयत हा बाभळीचा पाला पाडत होता, त्यानं लोखंडी आकडी तारेला लावली, आणि आपल्याच चुकीनं मेला.

हरणाबाईच्या मनात तिथून एक किडा शिरला. पाला पाडत असेल तर हाळी बोलवायची असणार. मेंढरं वळवत असेल तर दुसरी. ऐकली ती अर्धीच. कुमारनं खरंच वर बघितलं नसेल का? तिचं लेकरू एवढं येडं होतं का? दुपार झाली, मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून उभी राहिली, माळ चिडीचूप झाला, की तिला ती हाळी ऐकू यायची. लांब, सपाट. आणि मधेच तुटलेली. हातातलं काम तसंच राहायचं. भाकरीचा घास तोंडाशी थांबायचा.

"आत्या, काय ऐकायलाव?" मंजुषा विचारायची.

"तो हिंडायलाय. त्याची काठी न्हेली ना पोलिसांनी. रिकाम्या हातानं हिंडायलाय."

बिरू तर आता पूर्णच मुका झाला होता. मेंढरं त्यानं पुतण्याच्या हवाली केली. ढोल खुंटीला टांगला. वाड्यात बसून लोकरीचा धागा पिळत राहायचा. बिरूनं काठी टाकली, असं भावकी म्हणायची. ती कुठं टाकली, हे कुणी विचारलं नाही. घरात एक मरण झाल्यावर काठ्या मोजत कोण बसतं?

मंजुषाच्या माहेरच्यांनी एक वकील गाठून दिली. ज्ञानेश्वरी तिचं नाव, धाराशिवच्या कोर्टात काम करायची. तरुण पोरगी, बोलायला झपाट्याची. तिनं भरपाईचा दावा लावला. पहिल्या भेटीतच तिनं हरणाबाईला समोर बसवून सांगितलं, "मावशी, वीज ज्यानं माळावर आणली, ती सांभाळायची जबाबदारी त्याची. खांब कलला, सांगूनही उभा केला नाही. कायद्यात याला निष्काळजीपणा म्हणतात."

"आमी हयगय म्हणताव."

"तेच ते. फक्त कोर्टात ते सिद्ध करावं लागतं."

"आन त्येची चूक आसंल तर? आमच्या कुमारची?"

ज्ञानेश्वरी म्हणाली, "तर कंपनीच्या अंगावरचं ओझं हलकं होतं. तेवढंच त्यांना हवंय."

दावा रेंगाळत चालला. आणि एक दिवस उत्तरेश्वर मोटरसायकलवरून वाड्यावर आला. त्यानं गाडी लांब लावली, चप्पल बाहेर काढली, आणि पाणी मागितलं. मंजुषानं पाणी दिलं.

"मिटवून टाका म्हणतेत साहेब," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "पोरीच्या नावानं कायतरी टाकतेत. कागदावर फक्त एवढं लिहायचं, की कुमारच्या हातनं आकडी लागली. दावा मिटला की काठी बी सुटती. मी स्वतः आणून देतो."

हरणाबाईचा जीव त्या शेवटच्या वाक्यात अडकला. काठी सुटती! पैशाचं तिला काही नव्हतं. पण काठी आली की ती पोराच्या मातीपाशी उभी करायची. मग तो हिंडायचा थांबेल. मग दुपारी घास गिळता येईल. त्या बदल्यात काय लिहून द्यायचं? चूक त्याची होती एवढंच. मेलेल्याला काय कळणार आहे?

"आत्या, तुमी म्हणताल तसं," मंजुषा म्हणाली. पण म्हणताना तिनं पोरीला छातीशी असं घट्ट धरलं, की हरणाबाईला तिच्याकडं बघवेना.

बिरूनं उत्तरेश्वर आल्यापासून मान वर केली नव्हती. हातातला धागा मात्र पिळायचा थांबला होता.

"वकीलबाईला इचारून सांगते," हरणाबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरी ऐकून रागावली नाही. "तुमचा हक्क आहे, मावशी," ती म्हणाली. "मिटवायचं असेल तर मिटवू. पण काठी तुमचीच आहे, असं लिहून द्यावं लागेल. ही बघा, पंचनाम्यातला फोटो." तिनं मोबाइल पुढं केला.

हरणाबाईनं पहिल्यांदा नीट बघितलं. बांबूची काठी, टोकाला आकडी, आणि मधोमध पितळेची कडी. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"ही कुमारची न्हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ही ह्यांची हाय. कडी माझ्या सासऱ्यानं घातलेली." तिनं मोबाइल टेबलावर ठेवला. "कुमारची काठी आकडीसकट जळकोटला लोहाराकडं पडली व्हती. शांतलिंगाकडं. पातं निसटलं व्हतं. म्याच पाठवली व्हती… म्याच…"

तिला ते सगळं तिथं, त्या खुर्चीवर आठवलं. त्या दिवशी कुमार वाड्यावरनं निघाला तेव्हा त्याच्या हातात काही नव्हतं. मोकळा हात हलवत गेला होता.

घरी आल्यावर तिनं पदरही सारखा केला नाही. बिरू धागा पिळत बसला होता, त्याच्या समोर उभी राहिली.

"काठी तुमची हाय."

बिरू धागा पिळत राहिला.

"पितळंची कडी बघितली म्या. तुमी ठिवली ना तिथं?"

बिरू बोलला. इतक्या दिवसांनी बोलल्यामुळं आवाज गंजलेला होता. "पोरगं काठीवाचून कसं जाईल? त्येची लोहाराकडं पडलेली. म्या माझी ठिवली."

"आन सांगितलं का न्हाय? त्या काठीनं त्यो गुन्हेगार झालाय!"

"उत्तरेश्वर म्हणला, मयतापाशी काय ठिवलं, हलवलं, तर आत घालत्यात. पुराव्याला हात लावला म्हणून."

"घालू द्या की! दोन भाकरी मिळत्याल तिथं. इथं तुमी कुठं आमच्यात हायसा?" हरणाबाईचा आवाज चढला. कोकरं दचकली. मग ती एकदम खाली बसली आणि हळू म्हणाली, "येवढंच सांगा. हाळी कंची व्हती? बोलवायची का वळवायची? तुमी तितंच व्हता."

बिरूनं तिच्याकडं बघितलं. त्यानं धागा तोडला, उठला आणि माळाकडं चालू लागला.

मिटवायचं नाही, एवढं मात्र त्याच संध्याकाळी ठरलं. साक्ष देणार का, या प्रश्नाला बिरू मान हलवायचा नाही, आणि नकारही द्यायचा नाही. ज्ञानेश्वरीनं त्याचं नाव साक्षीदारांत घालून ठेवलं. "येतील काका," ती म्हणायची. पण तिलाही खात्री नव्हती.

कोर्टाची तारीख आली. एसटीतून तिघं धाराशिवला आले, नात मंजुषाच्या कडेवर. बिरू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला, घोंगडं गुडघ्यांवर ओढून. एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्या साक्षीदारानं आत बसायचं नसतं. त्याला तर ते बरंच झालं.

आधी उत्तरेश्वरची साक्ष झाली. ज्ञानेश्वरीनं त्याला दोराबद्दल विचारलं. तो इकडं तिकडं बघत राहिला. कंपनीचे वकील रणधीर समोर बसले होते. त्यांनी नजर कागदात घातली. शेवटी उत्तरेश्वर म्हणाला, "दोर मीच बांधला. फोनवर सांगितलं, सध्या असंच बांधून ठेव, माणसं नंतर येतील. बांधला." आणि मग कुणी विचारलेलं नसताना, "मला रात्री झोप येत न्हाय, साहेब," असंही म्हणाला. न्यायाधीशांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता तो. पगाराच्या दोरीनं बांधलेला होता.

मग हरणाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. रणधीर उठले. भला माणूस, आवाज मऊ. पण काम ते काम.

"मावशी, घटना घडली तेव्हा तुम्ही तिथं नव्हता?"

"न्हवते. वाड्यावर व्हते."

"म्हणजे तुमचा मुलगा काय करत होता, हे तुम्ही बघितलं नाही."

"बघितलं न्हाय. ऐकलं."

"काय ऐकलं?"

"हाळी."

"म्हणजे ओरडला. काय ओरडला?"

हरणाबाईला शब्दांत ते सांगता येईना. हाळी सांगायची कशी? ती घालायची असते. तिनं एकदा न्यायाधीशांकडं बघितलं, पदर खांद्यावर ओढून घेतला, मान वर केली, आणि सूर लावला.

त्या खोलीत असा आवाज कधी उठला नसेल. लांब, सपाट, स्वच्छ. टंकलेखन करणाऱ्या बाईची बोटं थांबली. दाराशी उभा असलेला शिपाई आत वळला. शेजारच्या खोलीतलं बोलणंही बंद पडलं. सूर भिंतींना धडकत वर गेला, वर गेला, आणि जिथं त्या दुपारी तुटला होता तिथं हरणाबाईनं तो तोडला.

सगळे थांबले. प्रत्येक जण पुढच्या भागाची वाट बघत होता.

"पुढं?" रणधीरांनी विचारलं. नकळत त्यांचा आवाज खाली आला होता.

"पुढं न्हाय, साहेब. तितकीच हाय."

आणि तेव्हा दारातून आवाज आला. "वळवायची व्हती ती."

बिरू उभा होता. घोंगडं कुठंतरी व्हरांड्यातच पडलं होतं. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि तो न्यायाधीशांकडं नाही, रणधीरांकडं नाही, पिंजऱ्यातल्या आपल्या बायकोकडं बघत होता. "वळवायची व्हती, हरणे. बोलवायची न्हवं."

"काका, बाहेर थांबा," न्यायाधीश म्हणाले. रागावून नव्हे. "तुमची वेळ आली की बोलावू. तेव्हा सगळं सांगा."

शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. हरणाबाई पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होती. तिच्या ओठांवर जे होतं त्याला रडणं म्हणता येणार नाही. रणधीरांनी कागद उलटे पालटे केले आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगून खाली बसले.

पुढच्या तारखेला बिरू पिंजऱ्यात आला. आकडी, कडी, लोहार, सगळं त्यानं तुटक तुटक सांगितलं. काठी आपण स्वतः ठेवली, का ठेवली, तेही. पुराव्याला हात लावल्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्या, असंही म्हणाला. न्यायाधीशांनी कापडातली काठी उघडून बघितली. आकडीच्या लोखंडावर जळाल्याची खूण नव्हती, बाभळीच्या डिंकाचे जुने डाग तेवढे होते. विजेची तपासणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं साक्षीत सांगितलं, की एवढ्या दाबाच्या तारेला लोखंड लागलं असतं तर खूण राहिली असती. शांतलिंग लोहारानं कुमारची आकडीची काठी आणून दाखवली. ती त्याच्या भट्टीशेजारी अजून तशीच पडून होती, कुणी न्यायला आलं नव्हतं.

रणधीरांनी एक प्रश्न मात्र राखून ठेवला होता. "तार खाली आली आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"तरी मुलगा तिकडं गेला. त्याला कुणी पाठवलं?"

बिरूनं पिंजऱ्याचा कठडा धरला. मंजुषानं हरणाबाईचा हात धरला. या प्रश्नापायी तो एवढे दिवस मुका होता, हे आता दोघींना कळलं.

"म्या," बिरू म्हणाला. "मेंढरं तारंखाली चालली व्हती. म्या लांब व्हतो. म्हणलो, कुमार, वळव ती मेंढरं. पोरगं पळालं. हात वर केला, हाळी दिली… हात रिकामा व्हता, साहेब. म्याच म्हणलो वळव."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी आसंल," बिरू म्हणाला. "माझी म्या भोगतो. पर तार म्या बांधली न्हवती. बाभळीला खांब म्या बांधला न्हवता. त्येचं कोण भोगणार, येवढं सांगा."

त्या दिवशी संध्याकाळी एसटीत बसल्यावर हरणाबाई त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. जळकोटला उतरताना त्याचा तोल गेला, तेव्हा तिनं त्याला धरलं आणि घरापर्यंत हात सोडला नाही.

निकाल लागला. कंपनी जबाबदार. ज्ञानेश्वरीनं व्हरांड्यात उभं राहून निकालातली ओळ वाचून दाखवली. मयत कुमार बिरू सलगर याची कोणतीही चूक अथवा हयगय सिद्ध होत नाही. हरणाबाईनं ती पुन्हा वाचायला लावली. मग आणखी एकदा. "हयगय म्हणलेत का त्येंनी?" तिनं विचारलं. ज्ञानेश्वरीनं होय म्हणून मान हलवली. नंतर तिनं सांगितलं, की कंपनी वरच्या कोर्टात जाणार आहे, भरपाई हातात पडायला वेळ लागेल. मंजुषा सुस्कारा टाकून हसली. तिनं शिवणकाम शिकायला सुरुवात केली होती.

काठी परत मिळाली. बिरूनं ती कुमारच्या मातीपाशी उभी केली, दगडांचा आधार देऊन. वाटलं होतं, आता हाळी थांबेल.

थांबली नाही. दुपार झाली की अजून येते, तशीच, मधेच तुटलेली. फरक एवढाच, की आता पुढचा अर्धा भाग काय होता ते हरणाबाईला माहीत आहे. माहीत असणं सोपं नसतं. ती हाळी धोक्याची होती, आणि पोरगं त्या धोक्यातच उभं होतं.

ओढ्याकाठी नवे खांब आले. सिमेंटचे, सरळ, चांगले उंच. तार आता आभाळात गेली. काम संपल्यावर उत्तरेश्वर बोलवायला आला. "मावशी, एकदा बघून घ्या. तुमी बघितल्याबिगर मला बरं वाटायचं न्हाय."

हरणाबाई गेली. पुतण्याकडची मेंढरं परत आणली होती ती आणि पुतण्याला बरोबर घेऊन. तिनं मान मागं टाकून तार बघितली. गुणगुण ऐकूही येत नव्हती.

"झालं का समाधान?" उत्तरेश्वरनं विचारलं. त्याच्या आवाजात काकुळती होती.

"मेंढरं जाऊ दे खालनं. मग सांगते."

मेंढरं पुढं निघाली. पण पहिली मेंढी जिथं बाभळ होती तिथवर आली आणि थांबली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. सगळा कळप गोळा झाला, माना खाली घालून, एकमेकांच्या अंगावर अंग रेटत. उत्तरेश्वरनं हाकललं, पुतण्यानं काठी आपटली. एकही पाय पुढं पडेना.

"तार वर गेलीय की आता!" उत्तरेश्वर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "आता काय भीती?"

"त्येंना निकाल कोण वाचून दाखवणार, बाबा?" हरणाबाई म्हणाली, आणि तिनं कळप वळसा घालून लांबच्या वाटेनं काढला. हाळी मात्र घातली नाही. नुसती जीभ टाळूला लावून टक टक आवाज करत चालली. मेंढरं तिच्यामागून गेली, धुळीत मिसळत, आणि त्या दुपारी माळावर कुणाचाच आवाज उठला नाही.